वाचलेले तास

हे मनन सावकाश करायचं आहे. एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नका. मधे कुठे थांबावंसं वाटलं तर थांबा आणि उद्या तिथूनच पुढे या.

जवळ एखादं सुती कापड असेल तर हातात घ्या. पंचा, टॉवेल, उशीचा अभ्रा, काहीही चालेल. ते खिडकीकडे धरा आणि उभे-आडवे धागे वेगळे दिसेपर्यंत बघत राहा. लांबीतून जातो तो ताणा, त्याच्या वरून-खालून आडवा जातो तो बाणा. आता एवढाच प्रश्न मनात धरा: या कापडात किती माणसांचे तास आहेत?

उत्तर चटकन देऊ नका. एकेक माणूस येऊ द्या. विणकर सगळ्यात आधी आठवेल. त्याच्या मागे कांडी भरणारी बाई, ताण्याला खळ लावणारा सायझिंगमधला कामगार, सूतगिरणीतला कातणारा, जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी करणारा, आणि या सगळ्यांच्या मागे उन्हात कापूस वेचणारी बाई. आणखी मागे जा. माग कुणीतरी ओतला, घासला, जुळवला. त्याचं लोखंड कुणीतरी खाणीतून काढलं. हे तास केव्हाच होऊन गेले, तरी ते कापडात आहेत. कार्ल मार्क्स त्यांना मृत श्रम म्हणतो. माग चालू असताना त्याच्यापाशी उभ्या असलेल्या विणकराचा श्रम तेवढा जिवंत.

मार्क्सचं सगळं अर्थशास्त्र या दोन श्रमांतल्या फरकावर उभं आहे, म्हणून इथे जरा रेंगाळू. यंत्रं, इमारत, सूत, कोळसा यांवर मालक जो पैसा घालतो त्याला मार्क्स स्थिर भांडवल म्हणतो. त्यात जेवढं मूल्य आहे तेवढंच कापडात उतरतं, पैभरही जास्त नाही. सूत एका दमात उतरतं, माग वर्षानुवर्षं झिजत थोडा थोडा उतरतो. मजुरीवर घातलेल्या पैशाला तो चल भांडवल म्हणतो, कारण वाढतो तो एवढाच. विणकराला जगण्यापुरतं मिळतं आणि तो दिवसभर राबतो. दिवसाच्या पहिल्या काही तासांत त्यानं आपली मजुरी भरून दिलेली असते. उरलेल्या तासांत जे मूल्य तयार होतं ते वरकड. नफा, व्याज, जमिनीचं भाडं ही त्या वरकडाचीच वाटणी. आणि त्यातला जो भाग मालक खाऊन-पिऊन न संपवता पुन्हा धंद्यात घालतो, त्यानं भांडवलाचा संचय होतो.

हे हिशेब मार्क्सनं ग्रंथालयात बसून मांडले हे खरं, पण कारखान्याच्या वहीशी त्याची गाठ तुटलेली नव्हती. त्याचा मित्र फ्रेडरिक एंगल्स मँचेस्टरला एर्मेन अँड एंगल्स या कापसाच्या पेढीत काम करत होता. १८५८ च्या मार्चमध्ये मार्क्सनं लंडनहून पत्र लिहून त्याला विचारलं, की तुमच्याकडे यंत्रं किती वर्षांनी बदलतात? यंत्रांवर लिहिणाऱ्या चार्ल्स बॅबेजनं पाच वर्षांचा काळ सांगितला होता आणि तो मार्क्सच्या गळी उतरत नव्हता. एंगल्सनं धंद्यातला रिवाज कळवला: दरसाल साडेसात टक्के घसारा, म्हणजे साधारण तेरा वर्षं चार महिने. इतका मोठा सिद्धांत रचणारा माणूस घसाऱ्याचा दर विचारतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. यंत्राची किंमत वसूल व्हायला लागणारा काळ मालकाच्या डोक्यावर कसा बसलेला असतो, हे त्याला नेमकं पकडायचं होतं. ते पुढे येईलच.

आता एक शंका मनात येईल, आणि ती यायलाच हवी. यंत्र नवं मूल्य निर्माण करत नाही, हे कसं मानायचं? एका हातमागाऐवजी यंत्रमाग आला की दिवसाला कितीतरी जास्त कापड निघतं. हे जास्तीचं कापड कुणी दिलं, यंत्रानंच ना?

कापड यंत्रानं दिलं, यात वाद नाही. पण मूल्य म्हणजे कापडाची लांबी नव्हे. एखादी वस्तू करायला समाजाला सरासरी किती श्रम लागतात, यावर तिचं मूल्य ठरतं, असं मार्क्स मानतो. १८६७ साली निघालेल्या ‘दास कापिटाल’च्या पहिल्याच प्रकरणात यंत्रमागाचं उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये यंत्रमाग आल्यावर सुताचं कापड करायला लागणारा वेळ जवळजवळ निम्म्यावर आला. हातमागावरचा विणकर पूर्वीइतकाच वेळ बसत होता, त्याचा हात पूर्वीइतकाच चालत होता. तरी त्याचा एक तास आता अर्ध्या तासाच्या भावानं मोजला जाऊ लागला. या वाक्यापाशी थोडा वेळ बसा. माणूस तोच, माग तोच, कसब तेच. बदल झाला तो दूर कुठल्यातरी गिरणीत, आणि त्याच्या दिवसाचं मोल निम्मं झालं. त्या विणकरांची वाताहत कित्येक दशकं चालली. मार्क्सनं ती लिहून ठेवली आहे आणि तिच्या जोडीला भारतातल्या हातमागवाल्यांच्या नाशाचाही उल्लेख केला आहे.

आता जागा बदला. मालकाच्या खुर्चीत बसा, आणि तो वाईट माणूस आहे असं मनाशी धरू नका. या विचारात त्याच्या स्वभावाला फारसं स्थान नाही.

समजा, एक मीटर कापडात एक तास मृत श्रम आहे आणि एक तास जिवंत. बाजारात त्याला दोन तासांचा भाव मिळतो. तुम्ही नवा माग आणलात आणि जिवंत श्रम अर्ध्या तासावर आला. मागाची जादा झीज हिशेबापुरती बाजूला ठेवा. तुमचं कापड दीड तासाचं झालं, पण बाजार अजून दोन तासांच्या भावानं चालला आहे. तुम्ही पावणेदोन तासांच्या भावानं विकता. शेजाऱ्याचं गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं, आणि वर मीटरमागे पाव तासाची जादा कमाई पदरात पडते. नवं यंत्र घ्यायला दुसरं कारण लागत नाही.

पण शेजारी गप्प बसणार नाही. तोही माग आणतो, मग तिसरा आणतो. कापडाचा भाव दीड तासावर येऊन टेकतो आणि तुमची जादा कमाई नाहीशी होते. ज्यानं माग घेतला नाही तो धंद्यातून उठतो. मागे उरतं काय? प्रत्येक गिरणीत पूर्वीपेक्षा जास्त यंत्रं, यंत्रांपायी डोक्यावर जास्त पैसा, आणि पुन्हा पहिल्यासारखाच जादा कमाईशिवायचा भाव. आता पुढचं यंत्र कोण आधी आणतो याकडे सगळ्यांचे डोळे. मालक कंजूष असो की उदार, वरकडाचा मोठा हिस्सा त्याला पुन्हा यंत्रात घालावाच लागतो. संचय त्याच्या हौसेवर सोडलेला नाही.

मघाचा घसारा इथे आठवा. माग तेरा वर्षं चालेल हे खरं, पण चौथ्या वर्षी स्वस्त किंवा सरस माग बाजारात आला तर? जुना माग धडधाकट असूनही त्याची किंमत कोसळते. म्हणून नवं यंत्र आलं की त्याच्याकडून शक्य तितक्या लवकर, शक्य तितके जास्त तास काम काढून घ्यायची घाई सुटते. कष्ट कमी करायला आलेलं यंत्र कामाचा दिवस लांबवतं, हा मार्क्सला दिसलेला विरोधाभास. मुंबईनं तो विजेच्या दिव्यात पाहिला. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढलेली कंपनी १८५६ साली ताडदेवला सूत कातू लागली. तेव्हापासून गिरणीचा दिवस सूर्याच्या हिशेबानं चाले. पहाटे सुरू, अंधार पडला की बंद. पुढे खात्यांत विजेचे दिवे लागले आणि सूर्याचा अडसर गेला. दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. १९०५ साली मुंबईच्या कामगारांनी या दिव्यांखालच्या लांब दिवसाविरुद्ध आवाज उठवला. दिव्यावर त्यांचा राग नव्हता. दिव्यानं दिलेला उजेड कुणाच्या पदरात पडतो, हे त्यांना पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं.

आता खुर्चीवरून उठा आणि साच्यापाशी उभे राहा. मुंबईच्या गिरण्यांत मागाला साचा म्हणत. साचेखात्यात शेकडो साचे एकदम चालत. आवाज एवढा, की शेजारच्याशी बोलायचं तर हातवारे करावे लागत. धोटा एका बाजूनं सुटून दुसऱ्या बाजूला आदळतो, पुन्हा परततो. त्याच्या पोटात बाण्याची कांडी असते आणि ती थोड्याच वेळात संपते. साचा थांबवायचा, धोटा काढायचा, नवी कांडी बसवायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या बारीक डोळ्यातून बाहेर आणायचं. हे शेवटचं काम विणकर तोंडानं करत. डोळ्याला ओठ लावून श्वास आत ओढला की धागा बाहेर येई, आणि त्याबरोबर कापसाची धूळ छातीत जाई. एका पाळीत असं कितीतरी वेळा.

या एका कृतीवर थांबून पाहावं असं बरंच काही आहे. तोच धोटा दुसऱ्यानंही तोंडाला लावायचा असल्यामुळे सवर्ण कामगार दलितांना साचेखात्यात येऊ देत नसत. आणि साचेखात्यात पगार जास्त होता. दलित कामगारांना कमी पगाराच्या खात्यांत राहावं लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न ठामपणे पुढे आणला. आता दुसरी बाजू बघा. अमेरिकेत १८९० च्या दशकातच नॉर्थ्रप माग बाजारात आला होता. त्याच्या धोट्यात धागा आपोआप ओवला जाई आणि कांडी आपोआप बदले. ओठ लावायची गरजच उरली नव्हती. म्हणजे छातीतली धूळ आणि बाटण्याची सबब, दोन्ही काढून टाकणारं यंत्र जगात होतं. मुंबईच्या साचेखात्यात विणकर मात्र पुढेही वर्षानुवर्षं श्वास ओढून धागा काढत राहिले.

असं का व्हावं? मार्क्सच्या ‘दास कापिटाल’च्या पहिल्या खंडात याचं उत्तर मिळतं, आणि माझ्या मते यंत्राबद्दल त्यानं लिहिलेल्यातलं हे सगळ्यात तीक्ष्ण निरीक्षण आहे. यंत्रानं किती श्रम वाचतात हे भांडवल बघत नाही. यंत्र किती मजुरी वाचवतं, तेवढंच बघतं. मजुरी फार कमी असेल तर श्रम वाचवणारं यंत्र महाग पडतं. अमेरिकेत खडी फोडायचं यंत्र निघालं होतं. इंग्लंडमध्ये ते वापरलं जात नव्हतं, कारण खडी फोडणाऱ्या माणसाला इतकं थोडं मिळे, की यंत्रानं मालकाचा खर्च वाढलाच असता. कालव्यातल्या होड्या काठावरून ओढायला काही ठिकाणी घोड्यांऐवजी बायका लावत. घोड्याच्या खर्चाचा नेमका हिशेब होता. उपाशी बाईचा खर्च हिशेबातच धरला जात नव्हता. जिथे यंत्रांचा जन्म झाला त्याच देशात माणसाची ताकद अशी मातीमोल उधळली जात होती, हे त्यानं संतापानं लिहिलं आहे. श्रम स्वस्त असतो तिथे तंत्रज्ञानही दारातच थबकतं, हे ध्यानात ठेवा.

१९२८ चा संप याच वळणावर झाला. जपानी कापडाची स्पर्धा वाढली होती. मुंबईच्या काही गिरण्यांनी कार्यक्षमतेची योजना आणली: दोन साचे चालवणाऱ्यानं तीन चालवायचे, कातणखात्यात यंत्राची एक बाजू सांभाळणाऱ्यानं दोन सांभाळायच्या. जपानमध्ये साकिची तोयोदांचा स्वयंचलित माग १९२४ साली तयार झाला होता. धागा तुटला की तो आपोआप थांबे, त्यामुळे एका माणसाला अनेक मागांवर लक्ष ठेवता येई. हे यंत्र इतकं सरस होतं, की मुंबईच्या गिरण्यांना पिढ्यान्‌पिढ्या यंत्रं पुरवणाऱ्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनं १९२९ साली त्याचे हक्क एक लाख पौंडांना विकत घेतले. मुंबईत मात्र बऱ्याच अंशी साचे जुनेच राहिले, वाढली ती माणसामागची साच्यांची संख्या. यंत्र सुधारून उत्पादन वाढवणं वेगळं आणि तेवढ्याच तासात माणसाला जास्त पिळून घेणं वेगळं. हा भेद मार्क्सनं केला होता. दीड लाखाच्या आसपास कामगारांनी तो एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने उपाशी राहून सांगितला. कांडी संपेपर्यंतचे ते दोन क्षण, धागा न तुटता चाललेली ती थोडी मिनिटं, एवढीच विणकराची विश्रांती होती. तिसरा साचा त्या फटी बुजवणार होता. आणि प्रत्येकी तीन साच्यांवर दोघं पुरतात तेव्हा तिसरा माणूस गेटवरच्या बदली कामगारांमध्ये जाऊन उभा राहणार होता. मार्क्स ज्याला बेकारांची राखीव फौज म्हणतो ती गिरणगावात रोज सकाळी गेटवर दिसे. आत असलेल्याला बाहेरचे दिसत आणि आवाज चढवताना तो दोनदा विचार करी.

इथे थोडी विश्रांती घ्या. पुढचा भाग आकड्यांचा आहे, पण आकडे सोपे आहेत.

‘दास कापिटाल’च्या तिसऱ्या खंडात मार्क्स एक कोष्टक देतो. हा खंड त्याच्या मृत्यूनंतर एंगल्सनं संपादित करून १८९४ साली काढला. समजा, मजुरीवर १०० पौंड खर्च होतात आणि वरकडही १०० पौंडच निघतं. यंत्रं आणि कच्चा माल ५० चा असेल तर एकूण १५० वर १०० नफा, म्हणजे सुमारे ६६ टक्के. तीच मजुरी ठेवून यंत्रं-माल १०० झाला तर नफा ५० टक्के. २०० झाला तर ३३ टक्के. ३०० वर २५ आणि ४०० वर २० टक्के. पिळवणूक पहिल्या ओळीत होती तेवढीच शेवटच्या ओळीत आहे. कामगार कमी राबला नाही. तरी नफ्याचा दर तिसऱ्या हिश्शाखाली आला, कारण वरकड फक्त जिवंत श्रमातून येतं आणि एकूण भांडवलात त्या श्रमाचा वाटा आटत गेला.

प्रत्येक मालक आपला नफा वाढवायला माणूस कमी करून यंत्र आणतो, आणि सगळ्यांनी मिळून तसं केलं की जिथून नफा येतो तो झराच लहान होतो. एकेकट्यासाठी शहाणपणाची असलेली गोष्ट सगळ्यांसाठी घातक ठरते, आणि तरीही एकटा कुणी तिच्यातून बाहेर पडू शकत नाही. ही ओळ पुन्हा वाचा, घाई नाही.

तुम्ही म्हणाल, उरलेल्या कामगारांकडून जास्त वरकड काढता येईल की. येईल, पण त्याला दिवसाची भिंत आहे. चोवीस कामगार प्रत्येकी दोन तास वरकड श्रम करत असतील तर अठ्ठेचाळीस तास होतात. यंत्र आणून तुम्ही दोघंच ठेवलेत आणि ते दिवसाचे बाराच्या बारा तास मालकासाठी राबले, स्वतः हवेवर जगले, तरी चोवीसच तास भरतात. बावीस माणसं काढून टाकली तिथे वरकड अर्ध्यावर आलं.

हा नियम लोखंडी आहे असं मार्क्सनंही म्हटलं नव्हतं. तो त्याला कल म्हणतो आणि लगेच पुढच्या प्रकरणात त्याला रोखणारी कारणं मांडतो. यंत्रांमुळे यंत्रंही स्वस्त होतात, म्हणून स्थिर भांडवलाची किंमत त्याच्या ढिगाइतकी वाढत नाही. परदेशी व्यापारातून कच्चा माल स्वस्त मिळतो. आपल्याकडचा आखूड धाग्याचा कापूस लँकेशायरमध्ये ‘सुरत’ नावानं ओळखला जाई. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात तिथला कापूस अडला, तेव्हा लँकेशायरला आपल्या या कापसावर विसंबावं लागलं. तो कातताना धागा वारंवार तुटे, आणि नगावर पैसे मिळवणाऱ्या तिथल्या कामगारांची कमाई घटे. कच्च्या मालाचा भाव आणि जात थेट मजुरीपर्यंत कशी पोचते, हे मार्क्सनं कारखाना निरीक्षकांच्या अहवालांतून टिपून ठेवलं आहे.

पुढे १९६१ साली नोबुओ ओकिशिओ या जपानी अर्थशास्त्रज्ञानं गणितानं दाखवलं, की खरी मजुरी तेवढीच राहिली आणि चालू भावांनी खर्च कमी करणारंच तंत्र मालकांनी घेतलं, तर नफ्याचा सर्वसाधारण दर घसरणार नाही. यावर साठ वर्षं वाद चालू आहे. मला विचाराल तर ओकिशिओचं गणित बरोबर आहे, पण त्यातली अट विसरून चालणार नाही. खरी मजुरी तेवढीच राहिली तर, असं ते सांगतं. म्हणजे यंत्रानं आणलेल्या भरभराटीतला एक कणही कामगाराच्या ताटात पडला नाही तर. नफा टिकायची अट जर हीच असेल, तर ती मार्क्सच्या बाजूनं आणखी एक साक्ष झाली असं मी मानतो.

नफ्याच्या दराची घसरण रोखून धरणाऱ्या कारणांपैकी मनन करण्याजोगं सगळ्यात मोठं कारण म्हणजे स्वस्त माणूस. ते पाहायला मुंबईहून भिवंडीला जावं लागेल.

१९५० च्या दशकात सरकारनं हातमागाला जगवण्यासाठी गिरण्यांच्या मागांची वाढ रोखली. हेतू चांगला होता. पण मधल्या मोकळ्या जागेत हातमागाऐवजी यंत्रमाग शिरला. गिरण्यांनी भंगारात काढलेले साचे भिवंडी, मालेगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा उभे राहिले. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईतला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्या काळात आणि त्यानंतर विणकामाचा मोठा ओघ या शेडकडे वळला. अर्थशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे नवं यंत्र जुन्याला हुसकावतं. इथे जुन्या यंत्रानं गिरणीला हुसकावलं. ज्या साच्याचा घसारा केव्हाच संपला होता, ज्याची किंमत लोखंडाच्या भावानं मोजली गेली होती, तोच बारा तासांच्या पाळीत, ना भविष्य निर्वाह निधी ना रजा अशा अवस्थेत, उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेल्या माणसाच्या हाती चालला तर गिरणीपेक्षा स्वस्त कापड देतो. एकेक माणूस चार, सहा, आठ माग सांभाळतो. १९२८ साली तिसऱ्या साच्यावरून सहा महिने संप झाला होता, हे इथे आठवा आणि क्षणभर गप्प बसा.

मार्क्सनं हेही पाहिलं होतं. यंत्रांनी बाहेर फेकलेली माणसं श्रमाचा भाव इतका पाडतात, की जुन्या, मागास पद्धतीही पुन्हा परवडू लागतात. तंत्रज्ञानाची वाट सरळ पुढे जाणारी नसते. तिच्यातून बाहेर पडलेल्यांच्या अंगावरून ती मागेही वळते.

इचलकरंजीचं चित्र आणखी गुंतागुंतीचं आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला. आज त्या गावात कांडीवाले, वहिफणीवाले, जॉबर, घडीवाले, दिवाणजी अशी कामांची सबंध उतरंड आहे, आणि माग असूनही स्वतःचं सूत नसलेला खर्चीवाला आहे. व्यापारी ताण्याचं सूत गुंडाळलेलं बीम देतो, खर्चीवाला आपल्या मागावर विणून देतो आणि पिकावर मजुरी घेतो. पीक म्हणजे बाण्याचा एक आडवा धागा. तो मालक आहे की कामगार? माग त्याचा, कर्ज त्याचं, वीजबिल त्याचं, तोटाही त्याचा. भाव मात्र दुसरा ठरवतो. त्याच्या शेडमधल्या कामगारालाही पिकाच्याच हिशेबानं मीटरमागे पैसे मिळतात. आता शटललेस माग आले, रॅपियर आले, एअरजेट आले. हवेच्या झोतानं बाणा पलीकडे जातो, धोटाच उरला नाही. ज्याच्याजवळ तेवढा पैसा आहे तो घेतो. खर्चीवाल्याजवळ तो नसतो. मीटरचा भाव मात्र एअरजेट ठरवतो, आणि साध्या मागाचा एक तास आता कितीच्या भावानं मोजला जातो, हे खर्चीवाल्याला दर महिन्याच्या हिशेबात दिसतं. इंग्लंडच्या हातमागवाल्यावर जे गुदरलं तेच आता यंत्रमागवाल्यावर गुदरतं आहे. साधे माग भंगारवाल्याकडे जात आहेत, आणि या वेळी त्यांना विकत घेऊन पुन्हा चालवणारी दुसरी भिवंडी दिसत नाही. संचयाचं दुसरं तोंड हेच. भांडवल वाढतं आणि वाढता वाढता थोड्यांच्या हातात गोळा होतं.

आणि मुंबईचं भांडवल कुठे गेलं? ते जमिनीत गेलं. सहाशे एकरांच्या आसपास गिरण्यांची जमीन शहराच्या मध्यावर होती. १९९१ च्या विकास नियमावलीनं तिच्या विक्रीचा रस्ता खुला केला. शहरासाठी आणि घरांसाठी ठेवायचा वाटा २००१ च्या दुरुस्तीनं फार आखडला. कापडातून मिळणाऱ्या नफ्यापेक्षा जागेचा भाव मोठा झाला, तेव्हा यंत्र सुधारायचं कारणच उरलं नाही. जे वरकड पिढ्यान्‌पिढ्या साच्यांवर तयार झालं होतं त्याचे मनोरे लालबाग-परळमध्ये उभे आहेत. यावर जास्त बोलायची मला गरज वाटत नाही, ते डोळ्यांना दिसतं.

हातातलं कापड अजून असेल तर एकदा पुन्हा त्याच्या विणीकडे बघा आणि हा शेवटचा प्रश्न मनात सोडा. हातमाग ते एअरजेट या प्रवासात एका मीटरमागे कितीतरी तास वाचले. ते गेले कुठे? थोडे स्वस्ताईच्या रूपानं तुमच्या-माझ्या अंगावर आले, हे मान्य केलंच पाहिजे. पूर्वी दोन लुगड्यांवर वर्ष काढणाऱ्या घरात आज कपाट भरलेलं असतं. ते यंत्राचं देणं आहे आणि मार्क्सनंही भांडवलाच्या या ताकदीला कधी कमी लेखलं नाही. १८५७-५८ च्या त्याच्या टिपणांत तर यंत्रांमुळे एक दिवस श्रमाचे तास हेच संपत्तीचं माप राहणार नाही, अशी आशाही आहे. उरलेले तास मात्र नवी यंत्रं, नव्या शेड, नवे मनोरे होऊन भांडवलाच्या पोटात गेले, आणि ज्यांच्या दिवसातून ते वाचले त्यांच्या वाट्याला एक तर तेवढाच लांब दिवस आला, नाही तर रिकामा दिवस.

म्हणून माझं एक आग्रहाचं सांगणं आहे. तुमच्या कचेरीत, कारखान्यात, शेतात नवं यंत्र किंवा नवी प्रणाली येईल तेव्हा ती किती वेगवान आहे हे ऐकून घ्या आणि मग विचारा: वाचलेले तास कुणाच्या नावावर जमा होणार? ते कामगाराच्या नावावर आपोआप कधी झाले नाहीत. इंग्लंडमध्ये दहा तासांचा कायदा व्हायला १८४७ साल उजाडलं. भारतात कापड गिरणीतल्या पुरुषांचा दिवस बारा तासांचा झाला १९११ साली, अकरा तासांचा १९२२ साली, दहा तासांचा १९३४ साली. प्रत्येक तास मागून, भांडून घ्यावा लागला. १९४८ च्या कारखाना कायद्यात आठवड्याच्या कामाची मर्यादा ४८ तास होती. त्यानंतर स्वयंचलित माग आले, शटललेस आले, संगणक आले, एअरजेट आले. मर्यादा अजून ४८ तासच आहे.